लांबच्या माणसाचं माप

४ सप्टेंबर

भिंगरे,

पत्र हातात पडलं असेल तर आधी खाली बस. तू उभ्याउभ्या वाचतेस आणि अर्धं विसरतेस. बसलीस? आता ऐक. टेप चोरीला गेली.

कुठली, असं विचारू नकोस. दुकानात टेपा पुष्कळ आहेत. एक माझ्या गळ्यात, एक खिळ्याला, आणि एक कायमची हरवलेली. गेली ती आईची, पितळी टोकाची, गोल डब्यातली. तुझ्या दादाची बातमी देणारी.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय माझं डोकं ताळ्यावर येणार नाही. माझा पोरगा बोटीवर कामाला गेला त्याला किती वर्षं झाली ते कपाटातल्या शर्टांवरून कळेल. पत्र लिहायचा त्याला शाळेपासून कंटाळा. पण दरवर्षी थंडी पडायच्या आधी मी दुकानाचं दार लावून आरशासमोर उभी राहते, त्याच्या लहानपणच्या शर्टाचं बटण मुठीत घेते आणि रिकाम्या हवेत टेप धरते. मी धरीन तिथे ती गोल होते आणि ताठ राहते. आत कुणीतरी श्वास घेत असावं तशी थोडी हलतेसुद्धा. मी छाती घेते, खांदा घेते, बाही घेते, शर्ट शिवते आणि कपाटात ठेवते, कारण पाठवायला पत्ता नाही. टेप ताठ झाली म्हणजे तो आहे. आई सांगायची, ज्या दिवशी ती सैल लोंबेल त्या दिवशी काय ते समजून घ्यायचं. लोकांना महिन्याच्या महिन्याला पत्रं येतात, मला वर्षाला एक माप येतं. त्यावर मी वर्ष काढते आणि मी कधी तक्रार केलेली नाही.

चोर कोण तेही मला माहीत आहे. काजवाली. तू तिला पाहिलेली नाहीस. उन्हाळ्यात काम मागत आली, मी बटणांची काजं करायला ठेवून घेतली. पहिल्याच दिवशी मी तिला कपाट उघडून सगळे शर्ट दाखवले, माझी खोडच आहे ती. तिने एका शर्टाची बाही हातात धरली आणि बराच वेळ सोडली नाही. बाई अबोल. अधूनमधून माझ्याकडे असं बघायची की आता काहीतरी सांगेल, आणि मग खाली मान घालून सुईत दोरा ओवायची. मी म्हणायचे, बोल ग बाई, इथे बोलण्याचे पैसे कापत नाहीत. तरी तोंडाला कुलूप ते कुलूपच.

मागच्या आठवड्यात मी यंदाचं माप घेत होते आणि ही मागच्या खोलीतून आली. हवेत उभी राहिलेली टेप पाहून हातातली कात्री पडली तिच्या. मी म्हटलं, घाबरू नकोस, माझा मुलगा आहे. सकाळी ती नव्हती आणि डबाही नव्हता. स्वतःचं बोटातलं अंगुस्तान मात्र टेबलावर विसरून गेली.

तुझ्या पायाला भिंगरी आहेच. बटणांची पेटी घेऊन गावोगावच्या शिंप्यांची दारं झिजवतेस, तर जरा डोळ्यांत तेल घालून काजं बघ. काजाचा शेवटचा टाका सगळे आत लपवतात. ही तो बाहेर घेते आणि त्यावर मोहरीएवढी गाठ मारते. कितीदा उसवायला लावलं, पुन्हा तीच गाठ. सोबत पुडीत त्याचं एक बटण पाठवते आहे. सापडलेली टेप खरी तीच का, हे त्याच्याशिवाय कळणार नाही. हरवलंस तर दारात उभी करणार नाही.

मावशी


२५ सप्टेंबर

मावशी,

बसून वाचलं. मग उठले, ती अजून बसलेली नाही.

सध्या धुक्याच्या गावात आहे. इथे धुकं येत नाही आणि जात नाही, ते इथेच राहतं. भर दुपारी दुकानांत दिवे. रस्त्यात माणसं एकमेकांवर आपटू नयेत म्हणून सगळ्यांच्या बाहीला एक बारीक घंटी शिवलेली असते, आणि ज्याची त्याची किणकिण वेगळी. डॉक्टरांची जाड, शाळेतल्या बाईंची चिरकी. भांडण झालेली माणसं घंटी मुठीत दाबून शेजारून निघून जातात. मी इथे दरवर्षी येते, तरी पहिले दोन दिवस मला आपण कुणाच्या तरी झोपेत चालतोय असं वाटतं.

इथे काजं डोळ्यांनी बघायची सोय नाही, म्हणून मी बोटांनी शोधली. शिंप्यांच्या दुकानांत टांगलेले कोट चाचपून झाले, काही लागलं नाही. मग परवा गल्लीच्या तोंडाशी एका माणसावर आदळले, तोल सावरायला त्याचा कोट धरला, आणि बोटाखाली मोहरी आली. मी कोट सोडीना. तो बिचारा म्हणाला, "बाई, मी बेकरीवाला आहे, माझं लग्न झालंय." त्याच्या बायकोनेच मला शिंप्याचा पत्ता दिला, जरा घाईनेच दिला.

तुझी काजवाली इथे थोडे दिवस काम करून पुढे वाऱ्याच्या पठाराकडे गेली. शिंपी म्हणतो, बाई कामाला चोख, पण रोज संध्याकाळी पाठीमागच्या अंगणात एकटी जाऊन उभी राहायची आणि परत यायची ती हसत. चोरी करून हसणारी बाई मला जरा आवडायला लागली आहे, रागावू नकोस.

लहानपणचं आठवतं? मी हट्ट धरला होता की माझंही माप त्याच टेपेने घे. ती माझ्या अंगावर नुसती लोंबत राहिली. मला वाटलं आपण मेलो, आणि मी भोकाड पसरलं. तू म्हणालीस, हाताला लागणाऱ्या माणसासाठी ही टेप नाही, त्याला साधी पुरते. मग साध्या टेपेने माझं माप घेऊन पिवळा फ्रॉक शिवलास. टेप मिळेल, मावशी. बटण गळ्यात दोऱ्याला बांधलं आहे.

तुझी भिंगरी


६ ऑक्टोबर

भिंगरे,

बेकरीवाल्याच्या बायकोची माफी माग. आणि चोर आवडून घेऊ नकोस, आधी टेप आण.

गिऱ्हाइकं येतात, मापं देतात, जातात. मी साध्या टेपेने सगळ्यांना मोजते आणि सगळी आपापल्या जागी असतात, त्यात काही मजा नाही. काल एका बाईंना मी दोनदा विचारलं की बाही पूर्ण की अर्धी, आणि दोन्ही वेळा उत्तर ऐकलं नाही. आरशाकडे बघते तेव्हा त्यात आपण एकटेच दिसतो हे आताशा खटकतं.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. गेली दोन वर्षं टेप आळशी झाली आहे. आपण घडी घातलेल्या कापडावर खडूने आखतो तेव्हा छातीचं निम्मंच माप धरतो ना, तशी ती परस्पर निम्मं देते. पहिल्यांदा मी पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं. मग लक्षात आलं, इतकी वर्षं शिंपिणीच्या हातात राहिली, शिंपिणीसारखीच मोजायला लागली. दुप्पट केलं की झालं. बाही मात्र कोपरापर्यंतच देते, पुढचं मी अंदाजाने लांबवते. आणि दुप्पट केल्यावर काय निघालं सांगू? तुझा दादा चांगला सुटलाय. खांदे हे एवढे. यंदा तर आणखी भरलाय. शर्टाला इतकं कापड लागलं की दोन वेळा दुकानात जावं लागलं. लहानपणी नुसता काडी होता, जेवायचं सोडून शर्टाची कॉलर चावत बसायचा. आता कुणीतरी त्याला नीट खाऊपिऊ घालतंय. म्हणून तर मला टेप हवी आहे. सुखात आहे एवढं कळतं ग तिच्यामुळे.

पठारावर वारा लागेल. कानाला बांध.

मावशी


२७ ऑक्टोबर

मावशी,

कानाला बांधलं आहे, तरी वारा एका कानातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतोय. इथे प्रत्येक कपड्याच्या घेरात गोटे शिवतात. बायकांच्या झग्यात नदीतले चपटे, पुरुषांच्या कोटात जाड, आणि पोरांच्या खिशात सगळ्यात मोठे, कारण पोरंच उडतात. मी खरोखर एक उडालेलं पाहिलं. फार वर नाही, कुंपणावरून पलीकडच्या अंगणात. त्याच्या आईने त्याला उचलून खिसा चाचपला आणि गोटा कुणाला दिलास म्हणून धपाटा घातला. माझी पेटी इथे फार खपत नाही. बटणं उघडी राहिली तर माणूस शिडासारखा फुगतो, म्हणून लोक दोरीनेच बांधून घेतात.

काजवाली इथे थांबली नाही, पण तिला पाहिलेले पुष्कळ आहेत. नदीच्या घाटावर एक म्हातारी लोकरीचे गुंडे विकते. तिने सांगितलं, "ती बाई बोटीची वाट बघत उभी होती आणि तिच्या हातांत वाऱ्याने न हलणारी एक टेप होती. गोल, मधे कुणी नसलेली. बाकी सगळं उडत होतं, माझे गुंडेसुद्धा. ती टेप तेवढी जागची हलत नव्हती. बाई तिच्यावर गाल टेकून उभी होती." मी विचारलं, रडत होती का? म्हातारी म्हणाली, "छे, गप्पा मारत होती."

मला समजेना झालंय, मावशी. चोराचा माग काढताना चोराचा राग यायला हवा. बोट तळ्याच्या वस्तीकडे जाते. मीही उद्या निघते.

तुझी भिंगरी


१६ नोव्हेंबर

मावशी,

टेप सापडली. माझ्या पेटीत आहे, डब्यासकट. जीव भांड्यात पडू दे, मग पुढचं वाच.

तळ्यातली वस्ती खांबांवर उभी आहे. घराघरांमधे फळ्यांचे पूल, आणि जमिनीच्या फटींतून खाली पाणी दिसतं. दिवसभर छतावर पाण्याचा उजेड हलत असतो. बोलताना माणसं वर बघतात. मी पुलावरून चालले होते तर एका दारात एक पोरगी बसलेली, पाचसहा वर्षांची. तिने माझ्या पेटीकडे बोट दाखवलं, मी पेटी खाली ठेवली, आणि कुणाला न विचारता ती बटणं काढून दोऱ्यात ओवायला लागली. तिच्या झग्याचं काज मी पाहिलं. मोहरी होतीच.

काजवाली आत खिडकीशी होती. मी कोण ते सांगितल्यावर पळाली नाही, ओरडली नाही. खुंटीकडे बोट केलं. तिथे एका पुरुषाच्या कोटाशेजारी टेप लोंबत होती. सैल, निव्वळ सैल, एखाद्या नाडीसारखी.

तिचा नवरा पाण्यावर गेला आणि आला नाही. बोटही आली नाही. तिने तुझी टेप उभी राहताना पाहिली आणि तिला वाटलं, आपल्यालाही विचारता येईल. वाटेत ती रोज नवऱ्याचा मफलर मुठीत धरून टेप धरायची आणि टेप रोज उभी राहायची. धुक्यात राहिली, वाऱ्यात राहिली. मग घरी आली, शेजारणीकडे ठेवलेल्या पोरीला कडेवर घेतलं, मफलर हातात घेतला, आणि टेप पडली. तेव्हापासून एकदाही उठली नाही. ती म्हणते, मी चोरी केली म्हणून वाटेतच काहीतरी झालं असणार.

मी परत निघते आहे. वाटेत जंगलाच्या नाक्यावरच्या खानावळीत माझा बराच मुक्काम आहे, तिथे लिही. इकडे थंडी फार पडते, लोक कानटोप्या घातल्याशिवाय दार उघडत नाहीत.

तुझी भिंगरी


२७ नोव्हेंबर

भिंगरे,

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका नवऱ्यामुलाची पाठ मोजत होते. त्याच्या पाठीवरच डोकं टेकून रडले. तो फार सभ्य निघाला, हलला नाही.

काजवालीचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण आपल्या नवऱ्यासाठी तिने माझ्या पोराला का वेठीला धरायचं? सरळ विचारलं असतं तर मीच तिला टेप धरायला दिली नसती का? नसतीही दिली कदाचित. जाऊ दे. तिचं अंगुस्तान मी जपून ठेवलं आहे.

आता तुला एक काम. टेप टपालाने पाठवू नकोस, स्वतः आण, पण तोवर मला दम निघणार नाही. तुझाही तो भाऊच, तुझ्या हातातही उभी राहील. बटण मुठीत धर, मोठ्याने नाव घेऊ नकोस, आणि त्याचं माप घेऊन मला कळव. नेहमीचं घे आणि या वेळी डोक्याचंही घे. थंडीचं वाचल्यापासून माझ्या मनात टोपी बसली आहे. शर्टाला डोकं लागत नाही म्हणून इतक्या वर्षांत मी ते कधी घेतलंच नाही. टेप कपाळावरून, कानांच्या वरून फिरव, आणि ओढू नकोस.

मावशी


८ डिसेंबर

मावशी,

आता तू बस. दुकानात कुणी असेल तर त्याला घालव.

मागच्या पत्रात मी तुझ्यापासून लपवलं. खुंटीवरचा कोट दादाचा होता. काजवाली तुझी सून आहे. दोन वर्षांपूर्वी त्याची बोट गेली ती परत आली नाही, आणि ती तेच सांगायला तुझ्याकडे आली होती. पहिल्याच दिवशी तू कपाट उघडलंस. त्याच्यासाठी शिवलेले शर्ट एकावर एक बघून तिची जीभ उचलेना. उद्या सांगू, परवा सांगू करत उन्हाळा गेला. आणि मग तिने टेप उभी राहिलेली पाहिली आणि तू म्हणालीस, माझा मुलगा आहे. तिला कुणी सांगितलं असतं की तो जिवंत आहे तर तिने विश्वास ठेवला नसता. तुझ्या हातात तिने तो पाहिला. दोघांच्या लग्नाची बातमीसुद्धा तुला नव्हती, कारण तो दरवर्षी म्हणायचा, पत्रात काय लिहायचं, पुढच्या वर्षी जाऊनच दाखवू. तो असा आहे, तुला माहीत आहे.

घरी येऊन टेप पडली तेव्हा तिने आशा सोडली. मीही सोडली. मी ठरवलं होतं, तुला टेप आणून द्यायची आणि प्रवासात बिघडली म्हणून सांगायचं. तुझं पत्र हातात घेऊन मी चार दिवस खानावळीत नुसती बसून होते. मग आज सकाळी वाटलं, एकदा धरून तरी बघू.

खोलीचं दार लावलं. घाईत बटण मुठीत घ्यायचं विसरले, मनात तूच होतीस, तर टेप खाडकन उभी राहिली आणि जे माप दिसलं ते तुझं होतं. कंबर किती ते लिहीत नाही, पत्र चार हातांतून जातं. तेवढ्याने मला हसू आलं आणि हात सैल झाला. मग बटण मुठीत घेतलं, डोळे मिटले आणि टेप पुन्हा धरली.

मावशी, ती उभी राहिली. ताठ. आणि हलली, तू सांगतेस तशी, श्वास घेतल्यासारखी. मी पलंगाच्या कडेवर बसून ढसाढसा रडले आणि टेप तशीच माझ्या हातांत उभी. तो आहे. तळ्यावरची हवा दमट आहे ग, घराखाली पाणी, टेप सुती. तिथे तिचं काय चालणार? मी उगीच त्या बिचारीला रडवून आले.

मापं लिहिते. छाती साडेतेवीस, म्हणजे तुझ्या हिशेबाने सत्तेचाळीस. खांदा दहा. बाही साडेचौदा. डोकं वीस. डोक्याचं दुप्पट करायचं की नाही ते तू ठरव, नाहीतर टोपीऐवजी पिंप शिवावं लागेल.

आणखी एक गोड गोष्ट आहे. ती मी समोर आल्यावरच सांगणार.

तुझी भिंगरी


१९ डिसेंबर

भिंगरे,

समोर आल्यावर सांगायची गोष्ट मला कळली आहे. तिची छाती साडेतेवीस आहे आणि डोकं वीस.

वीस हे मोठ्या माणसाचं डोकं नव्हे. टेप निम्मी मापं देत असती तर तिने डोकं दहाअकरा सांगितलं असतं. तिने वीस सांगितलं. म्हणजे ती पूर्ण मापं देते आहे, दोन वर्षं पूर्णच देत होती, दुप्पट मी करत होते. आणि मोठ्या माणसाची छाती डोक्याच्या पावणेदोनपट तरी असते. डोकं आणि छाती इतकी जवळजवळची फक्त लेकराची असतात. हे मला कामाला लागल्याच्या पहिल्या वर्षी माहीत होतं. पण शर्टाला डोकं लागत नाही, म्हणून मी पाहिलं नाही.

ती दारात बसून बटणं ओवणारी. तिची कॉलर तू पाहिली असशील. चावलेली असेल.

दमट हवेचं हे काम नाही ग. तुला मीच सांगितलं होतं, हाताला लागणाऱ्या माणसाला ही टेप लागत नाही. काजवाली वाटेत होती तेव्हा पोरगी लांब होती, म्हणून टेप उभी राहायची. घरी आली, पोरीला कडेवर घेतलं, आणि टेपेचं काम संपलं. चोरीने काही झालेलं नाही, तिला हे आधी सांग. बटण त्याचं, मफलर त्याचा, पण तो नाही. म्हणून टेपेने त्याचं जे मागे उरलं आहे त्याचं माप दिलं. माझ्या हातात दोन वर्षं माझी नात उभी होती आणि मी तिला म्हणत होते, किती सुटलास रे.

तो गेला. मी हे वाक्य काल दिवसभर लिहू शकले नाही, म्हणून पत्राला उशीर. माझा पोरगा दोन वर्षांपूर्वी गेला आणि मी त्यानंतर दोन्ही वर्षं आनंदाने कापड आणायला गेले. दुकानदाराला सांगितलंसुद्धा, जास्त फाड, माझा मुलगा धट्टाकट्टा आहे. मला कुणाचा राग आलेला नाही. मला फक्त तो हवा होता.

काल दुकान उघडलं नाही. कपाटातले सगळे शर्ट काढून पलंगावर पसरले. लहान, मग मोठे, मग आणखी मोठे. जुने सगळे त्याचे आहेत, ते मी पुन्हा घडी घालून ठेवले. शेवटचे दोन मात्र त्याचे नाहीत, कुणाचेच नाहीत, तेवढा जाडा माणूस आपल्याकडे झालेला नाही. ते मी उसवले. कापड चांगलं आहे, जाड, थंडीचं. त्यातून तिचे दोन झगे निघाले आणि वर टोपी निघाली. टोपी पूर्ण झाली, डोकं आता फारसं वाढणार नाही. झग्यांना आत भरपूर माया सोडली आहे, दोनतीन वर्षं उसवून वाढवता येतील. बाह्या नुसत्या कच्च्या दोऱ्याने टाचल्या आहेत. त्या हात धरून बघितल्याशिवाय पक्क्या करणार नाही.

तू आता खानावळीतून उठ आणि उलटी तळ्याकडे जा. बटणं नंतर वीक. माझ्या सुनेला सांग, घरातली वस्तू घरातल्या बाईने नेली तर तिला चोरी म्हणत नाहीत. तिचं अंगुस्तान टेबलावर आहे, जिथे ठेवलं होतं तिथेच. तिच्या गाठीबद्दल मी पुन्हा अवाक्षर काढणार नाही. निदान पहिला महिना तरी. ती जे सांगायला आली होती ते मला तिच्याकडून ऐकायचं आहे. तो काय खायचा, कुणाशी भांडायचा, दाढी ठेवली होती का. माझ्याकडे त्याची नुसती मापं आहेत.

तिघी मिळून या. बर्फ पडायच्या आत निघा, पोरीच्या खिशात पठारावर गोटा घाला, धुक्यात तिच्या बाहीला घंटी लावा आणि तिचा हात सोडू नका. येताना टेप पोरीच्या हातात द्या. बटणबिटण काही नको, आपली आजी लांब आहे एवढं तिला सांगा. टेप उभी राहील. कंबर बघून हसू दे तिला, हरकत नाही. रोज धरू दे. माझ्या गल्लीत वळाल, दुकानाच्या पायऱ्या चढाल, आणि तिच्या हातातली टेप एकदम सैल पडेल. ती घाबरेल, तिच्या आईने तेच एकदा पाहिलं आहे. तेव्हा तिला सांगा की आलो, हेच दार.

पुढचं माप मी साध्या टेपेने घेईन.

मावशी